रोपणानंतरचे वर्ष

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देण्यात आली. भारतातील हे पहिले अस्थिमज्जारोपण होय. ते घडवून आणणारे डॉ. सुरेश अडवाणी अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे डॉ. डॉनल थॉमस यांच्या हाताखाली ही विद्या शिकून आले होते, आणि याच विद्येसाठी थॉमस यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही रोपणे सुरू झाली. त्यानंतर देशातील अनेक शहरांत अशी केंद्रे निघाली आणि आज वर्षाला काही हजार रुग्णांवर हा उपचार होतो. मज्जा हाडातून काढण्याऐवजी दात्याच्या वाहत्या रक्तातूनच मूलपेशी यंत्राने वेगळ्या करून घेण्याची पद्धत आता रूढ झाली असल्यामुळे त्याला रक्तमूलपेशींचे रोपण म्हणणे अधिक योग्य; पण तत्त्व तेच आहे. रुग्णाची बिघडलेली मज्जा औषधांनी, कधी किरणोत्साराने, समूळ नष्ट करायची आणि तिच्या जागी दुसऱ्याची निरोगी मज्जा वाढू द्यायची.

अशा रोपणाची बातमी वृत्तपत्रात येते तेव्हा तिचा मथळा बहुधा ठरलेला असतो: रोपण यशस्वी. हे यश वैद्यक कशावरून मोजते ते मात्र बातमीत क्वचितच सांगितलेले असते. रुग्णाच्या रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची संख्या दर मायक्रोलिटरला ५०० च्या वर गेली आणि सलग तीन दिवस तेथे टिकली, की मज्जा रुजली असे मानतात. साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत हा टप्पा गाठला जातो. नातेवाइकांच्या जिवात जीव येतो, डॉक्टरांचा चेहरा उजळतो आणि पुढे थोड्याच दिवसांत रुग्णाला घरी सोडण्याची भाषा सुरू होते. ही कसोटी चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती मोजणीची कसोटी आहे. ठाण्याच्या हजेरीपटावर शिपायांची संख्या पुरी भरली म्हणजे गावात बंदोबस्त बसला असे होत नाही, आणि रोपण झालेल्या माणसाच्या बाबतीत हा बंदोबस्त जेथे सर्वांत उशिरा बसतो ती जागा म्हणजे त्याची फुप्फुसे.

याचे कारण फुप्फुसांच्या कामातच आहे. पोट, त्वचा, मूत्रमार्ग यांना बाहेरच्या जगापासून काही काळ तरी दूर ठेवता येते; श्वासाला सुट्टी देता येत नाही. प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो आणि त्या हवेबरोबर धूळ, जीवाणू, विषाणू, बुरशीचे बीजाणू असे सारे काही आत जाते. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. श्वासनलिकेतील बारीक केस आणि चिकट स्राव बराचसा कचरा बाहेर लोटतात. त्यातून जे निसटते ते वायुकोशांत बसलेल्या भक्षकपेशी गिळून टाकतात. रोपणापूर्वीच्या तीव्र औषधांनी हे अस्तर सोलवटून निघते, रक्तातील पेशी शून्यावर येतात आणि कालपर्यंत निरुपद्रवी असलेली हवा एकाएकी शत्रूची वाट बनते. रोपण झालेल्या रुग्णांपैकी एकतृतीयांशाहून अधिक जणांना पुढे फुप्फुसांचा कोणता ना कोणता विकार होतो, तो उगाच नव्हे.

हा धोका एकाच स्वरूपाचा असता तर त्याचा बंदोबस्त करणे सोपे गेले असते. पण तो पाळीपाळीने वेष बदलून येतो. पहिल्या महिन्यात, न्यूट्रोफिल नसताना, जीवाणू आणि अस्पर्जिलससारख्या बुरशी हात साधतात. न्यूट्रोफिल परतले तरी विषाणूंचा समाचार घेणाऱ्या टी पेशी परतलेल्या नसतात; त्यांना काही महिने, कित्येकदा एक-दोन वर्षे लागतात, कारण या पेशी जेथे घडतात ती छातीतील थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते. लहान मुले यामुळेच लवकर सावरतात आणि पन्नाशीचा माणूस रेंगाळतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात म्हणून सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आणि न्यूमोसिस्टिस ही बुरशी यांचा हंगाम येतो. त्यानंतर प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बी पेशींची उणीव जाणवू लागते आणि न्यूमोकॉकसचा साधा न्यूमोनियाही जिवावर बेतू शकतो. दात्याच्या पेशी नव्या यजमानाच्याच अवयवांवर उठल्या, तर त्यांना आवरण्यासाठी स्टिरॉइडे द्यावी लागतात. आणि ती दिली की जेमतेम उभी राहत असलेली प्रतिकारशक्ती पुन्हा खाली बसते. म्हणजे एका संकटाचा उपाय हेच दुसऱ्या संकटाचे निमंत्रण ठरते.

वैद्यकाने या लढाईत काही मिळवलेच नाही, असे मात्र नाही. सायटोमेगॅलो विषाणूचे उदाहरण बोलके आहे. हा विषाणू बहुतेकांच्या शरीरात लहानपणीच शिरतो आणि जन्मभर निपचित पडून राहतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रोपणानंतर तो जागा होऊन न्यूमोनिया झाला, तर शंभरांतील ऐंशीहून अधिक रुग्ण दगावत. १९८८ मध्ये गॅन्सिक्लोव्हिर हे औषध आणि प्रतिपिंडांची इंजेक्शने एकत्र देऊन हे प्रमाण बरेच खाली आणता येते असे दिसून आले. खरा पालट मात्र १९९१ मध्ये झाला. न्यूमोनिया होण्याची वाट न पाहता विषाणू जागा झाल्याची पहिली खूण मिळताच औषध सुरू करावे, असे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवून दिले. तेव्हापासून दर आठवड्याला रक्त तपासून विषाणूचा माग काढणे हा रोपणोत्तर उपचाराचा कणाच बनला आहे. औषध पांढऱ्या पेशी पुन्हा घटवते, ही अडचण होतीच. ती टाळणारे लेटरमोव्हिर हे औषध अमेरिकेत २०१७ साली मान्य झाले, पण त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील नाही. भारतात प्रौढांपैकी शंभरांतील नव्वदांहून अधिक जणांच्या शरीरात हा विषाणू आधीच असतो. साहजिकच आठवड्याची ती तपासणी ही येथे चैनीची बाब ठरत नाही. सोलापूरच्या वा नांदेडच्या रुग्णाला तिच्यासाठी दर खेपेस मुंबई-पुणे गाठावे लागू नये, अशी व्यवस्था करणे अशक्यही नाही. २०२० पासून कोविडच्या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिलेल्या पीसीआर प्रयोगशाळा त्याच तंत्रावर चालतात.

पेशींची संख्या आणि पेशींचे काम या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा फुप्फुसांच्याच अभ्यासातून मिळाला आहे. थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्येच असे दाखवले होते की, दाता आणि रुग्ण यांपैकी एक स्त्री व एक पुरुष असेल, तर रोपणानंतर काही काळाने रुग्णाच्या वायुकोशांतील भक्षकपेशींच्या गुणसूत्रांवरून त्या दात्याच्या आहेत हे ओळखता येते. याचा अर्थ, फुप्फुसांतील पहारेकरीसुद्धा मज्जेतून येऊन बदलले जातात. प्रश्न उरतो तो हे नवे पहारेकरी काम कसे करतात हा. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात बेथनी मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी मुद्दाम एकाच वंशाच्या उंदराची मज्जा दुसऱ्याला दिली, म्हणजे दाता-यजमान असा झगडा उद्भवू नये आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधेही द्यावी लागू नयेत. रोपण उत्तम रुजले, पेशींची संख्या पूर्ववत झाली. तरीही स्यूडोमोनास जीवाणू फुप्फुसांत सोडल्यावर या उंदरांना ते हटवता आले नाहीत. भक्षकपेशी जागेवर होत्या. त्या गिळत नव्हत्या आणि मारतही नव्हत्या. प्रोस्टाग्लॅन्डिन ई-२ हे द्रव्य फुप्फुसांत अतोनात तयार होऊन त्यांचा हात आखडत होते. हे द्रव्य तयार होऊ न देणारे इंडोमेथॅसिन दिल्यावर त्यांचे काम सुधारले. उंदरावरून माणसाकडे एकदम उडी मारणे धोक्याचे असते, आणि रोपण झालेल्या रुग्णाला हे वेदनाशामक आपल्या मनाने देणे तर मुळीच शहाणपणाचे नाही. परंतु रक्ताच्या अहवालावरील आकडा पाहून निर्धास्त होणाऱ्या सर्वांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा, असा आहे.

येथवरची गोष्ट प्रयोगशाळेची झाली. पुढची गोष्ट पैशाची आहे आणि आपल्याकडील अडचणीचे मूळ तेथे आहे. भारतात रोपणाचा खर्च काही लाखांपासून वीस-पंचवीस लाखांपर्यंत जातो. तो उभा करण्यासाठी शेत विकले जाते, भविष्यनिर्वाह निधी रिकामा होतो, मुख्यमंत्री निधीपासून धर्मादाय न्यासांपर्यंत अर्ज केले जातात. कोल इंडिया या सरकारी कंपनीने थॅलसेमियाच्या मुलांच्या रोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत मदत देण्याची योजना २०१७ मध्ये सुरू केली, ती स्तुत्यच आहे. पण मदत देणाऱ्याचा स्वभाव असा, की त्याला एक निश्चित घटना हवी असते: शस्त्रक्रिया, रोपण, यंत्राची खरेदी. त्या घटनेचे अंदाजपत्रक करता येते, धनादेश काढता येतो आणि समारंभही करता येतो. रोपणानंतरचे वर्ष ही घटना नव्हे. तो गोळ्या, तपासण्या, खोलीचे भाडे, टॅक्सी आणि बुडालेला पगार यांचा लांबत जाणारा हिशेब आहे, आणि कुटुंबाची शिल्लक संपलेली असते नेमक्या त्याच वेळी तो समोर येतो. ज्या रुग्णावर समाजाने आणि कुटुंबाने मिळून पंधरा लाख रुपये खर्चले, तो सातव्या महिन्यात न्यूमोनियाने दगावला, तर ते पंधरा लाखही त्याच्याबरोबर गेले. अर्थशास्त्रात सीमान्त खर्च आणि सीमान्त लाभ यांची तुलना करायला शिकवतात. शेवटचा थोडासा खर्च आधीच्या साऱ्या खर्चाला अर्थ देतो, अशी उदाहरणे पाठ्यपुस्तकातसुद्धा याहून चांगली सापडणार नाहीत.

हा खर्च खरोखर किती थोडा असू शकतो, ते न्यूमोसिस्टिसच्या बाबतीत पाहावे. वॉल्टर ह्यूज यांनी अमेरिकेत मेम्फिस येथे कर्करोगाच्या मुलांवर केलेली चाचणी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसती खोटी गोळी घेणाऱ्या ८० मुलांपैकी १७ जणांना हा न्यूमोनिया झाला. को-ट्रायमोक्साझोल घेणाऱ्या ८० पैकी एकालाही झाला नाही. वैद्यकाच्या इतिहासात इतके निर्विवाद निकाल विरळाच. ही गोळी काही रुपयांना मिळते. एड्सच्या कार्यक्रमात सरकारने तिचे महत्त्व केव्हाच ओळखले. एप्रिल २००४ पासून विषाणूविरोधी औषधे मोफत देणारी केंद्रे सुरू झाली आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला ही गोळीही तेथे मोफत मिळू लागली. त्याच्या क्षयरोगाची चौकशी होते, त्याच्या पुढील भेटीची नोंद राहते. म्हणजे दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसाला महिनोन्‌महिने सांभाळण्याची रीत शासनाला ठाऊक नाही असे नव्हे. रोपणाचे रुग्ण संख्येने थोडे आहेत आणि विखुरलेले आहेत, त्यांचा मोर्चा निघत नाही, एवढाच काय तो फरक. जगातील क्षयरुग्णांपैकी चतुर्थांशाहून अधिक रुग्ण ज्या देशात आहेत, तेथे रोपणानंतरच्या प्रत्येक रेंगाळणाऱ्या खोकल्यामागे क्षयाचा संशय धरावा लागतो, आणि हा धडा सिअ‍ॅटलच्या ग्रंथात फारसा ठळक छापलेला नाही.

मग हवेचा प्रश्न. रोपणाच्या कक्षात हेपा गाळणी असते. ०.३ मायक्रोमीटर आकाराचे शंभरांतील ९९.९७ कण ती अडवते. अस्पर्जिलसचे बीजाणू दोन-तीन मायक्रोमीटरचे, म्हणजे तिच्यापुढे ढोबळच. अशा कक्षात महिनाभर जपलेला रुग्ण ज्या दिवशी बाहेर पडतो, त्या दिवशी तो कोठे जातो? बाहेरगावच्या कुटुंबाला रुग्णालयाच्या जवळ राहणे भाग असते. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कित्येक वर्षे आसरा देत आली आहे. तिचे ऋण मुंबईने मानावे तेवढे थोडे. पण गरजूंची संख्या पाहता अशा जागा अपुऱ्या आहेत, आणि परळच्या पदपथावर मुक्काम ठोकलेली रुग्णांची कुटुंबे हे दृश्य मुंबईकराच्या डोळ्यांना इतके सवयीचे झाले आहे की ते खुपेनासे झाले. भोवताली गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठत आहेत. जुनी बांधकामे पाडताना आणि पाया खणताना बुरशीचे बीजाणू मोठ्या प्रमाणात हवेत मिसळतात, हे रुग्णालयांच्या अभ्यासांतून वारंवार दिसून आलेले आहे. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसंबंधी नियम जाहीर केले. कर्करोग रुग्णालयांच्या परिसरात तरी त्यांची अंमलबजावणी काटेकोर असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून केवढे रणकंदन माजले ते सर्वांच्या स्मरणात आहे. पक्ष्यांवरील दया आणि नागरिकांचे आरोग्य यांची त्यात पुष्कळ चर्चा झाली. स्वच्छ हवेवरच ज्यांचे पुढचे वर्ष अवलंबून आहे, त्यांचा उल्लेख मात्र क्वचितच कानी आला.

घरी परतल्यावरही पथ्य संपत नाही, आणि ते पाळणे आपल्या समाजात कठीण असते. आजाऱ्याला भेटायला जाणे हा आपल्याकडे शिष्टाचार आहे. न गेलेल्या नातेवाइकाचा राग वर्षानुवर्षे धरला जातो. घरात गर्दी होते, उदबत्त्या लागतात, शेजारची सर्दी झालेली मुले प्रेमाने जवळ येऊन बसतात. ज्या विषाणूने त्या मुलाला दोन दिवस नाक पुसावे लागते, तोच विषाणू रोपण झालेल्याच्या फुप्फुसात उतरून त्याला कृत्रिम श्वासयंत्रावर नेऊ शकतो. दारात उभे राहून परत जाणे हीच येथे माया आहे, असे कोणीतरी अधिकाराने सांगावे लागते. बाहेरगावच्या कुटुंबात ते सांगायला बहुधा कोणी नसते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. ज्या देशात साध्या न्यूमोनियाने अजूनही लहान मुले दगावतात, तेथे मूठभर रोपणरुग्णांसाठी शासनाने आणखी खर्च का करावा? रोपणावर सार्वजनिक पैसा घालावा की न घालावा, याबद्दल खरोखर मतभेद असू शकतात. पण तो घातल्यानंतर पुढचे वर्ष वाऱ्यावर सोडण्याने गरिबांच्या मुलांचे एका पैचेही भले होत नाही. शिवाय येथे मागितल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी दोघांच्याही उपयोगाच्या आहेत. जिल्ह्यातील चालती प्रयोगशाळा, रुग्णालयाभोवतीची कमी धुळीची हवा, क्षयाचे वेळेवर निदान यांपैकी कोणती गोष्ट एकट्या रोपणरुग्णाच्या पदरात पडते?

लसीच्या बाबतीत तर नवा खर्च जवळजवळ नाहीच. रोपणाबरोबर रुग्णाची जुनी प्रतिकारशक्ती आणि तिची स्मृतीही पुसली जाते. लहानपणी घेतलेल्या लसी हळूहळू निष्प्रभ ठरतात आणि रोगप्रतिकाराच्या दृष्टीने तो पुन्हा तान्हे मूल बनतो. म्हणून न्यूमोकॉकसची लस तीन ते सहा महिन्यांनी, घटसर्प-धनुर्वातासारख्या इतर निर्जीव लसी सहा ते बारा महिन्यांनी आणि गोवरासारखी जिवंत लस, प्रकृती स्थिर असल्यास, दोन वर्षांनंतर पुन्हा द्यावी लागते. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अशी लस स्वतः तयार करून २०२० च्या डिसेंबरात बाजारात आणली. म्हणजे लस आहे, शीतसाखळी आहे, परिचारिका आहे. परंतु कार्यक्रम जन्मतारीख विचारतो. अकरा वर्षांचा मुलगा रोपणानंतर सहा महिन्यांनी आरोग्य केंद्रात गेला, तर तान्ह्या बाळासाठीची ती लस वयाच्या नियमामुळे त्याला मोफत मिळत नाही. बापाने ती औषधाच्या दुकानातून विकत आणायची, आणि एका मात्रेने भागत नाही. वयाच्या रकान्याशेजारी रोपणाच्या तारखेचा एक रकाना वाढवावा आणि रोपण केंद्राचा दाखला आणणाऱ्याला त्या तारखेपासून बाळाप्रमाणे लसी द्याव्यात, एवढे परिपत्रक काढायला कायदा बदलावा लागत नाही. राज्यातील रोपणांची वार्षिक संख्या पाहता त्यासाठी लागणाऱ्या मात्रा एखाद्या तालुक्याच्या पुरवठ्याहून फार अधिक भरणार नाहीत. त्याच परिपत्रकात प्रत्येक केंद्राकडून आणखी एक गोष्ट मागवून घेता येईल: किती रोपणे रुजली एवढाच आकडा न देता, त्यांतले किती रुग्ण वर्षानंतर जिवंत होते आणि जे नव्हते ते कशाने गेले, याचीही नोंद.